भार आणि घडणावळ

"चांदीचं भांडं हे आधी चांदी असतं, मग भांडं," मामांनी सांगून टाकलं. "घडणावळ गिऱ्हाईक एकदाच देतो. मोड घालताना ती कुणी परत देत नाही. हुपरीत हाच नियम आहे, आणि इथं ऑग्सबर्गात काही वेगळा नसणार."

माझे मामा हुपरीचे. तिथल्या कितीतरी घरांसारखं त्यांच्याही घरात पिढीजात चांदीचं काम. ताई म्युनिकमध्ये राहते, कलेच्या इतिहासाची अभ्यासक. मामा तिच्याकडे आले तेव्हा तिनं हौसेनं त्यांना ऑग्सबर्गचं माक्सिमिलियान म्युझियम दाखवायला नेलं. काचेमागचे सोनेरी मुलाम्याचे पेले, तबकं, सूपदाण्या पाहून मामा भारावतील अशी तिची कल्पना. मामा भारावले नाहीत, ते भार विचारत राहिले. वाद तिथं सुरू झाला, परतीच्या गाडीत तापला आणि जेवणाच्या टेबलावरही उरला. मी ऐकणाऱ्याच्या भूमिकेत होतो, पण मधूनमधून मला राहवणार नाही.

आधी एक खुलासा. इथे सगळं बोलणं खऱ्या चांदीबद्दल आहे. आपल्याकडे जर्मन सिल्व्हर म्हणून जे विकलं जातं ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण. त्यात चांदी फक्त नावापुरती.

ताई : नियम मान्य, मामा. पण त्या नियमानं काय काय गेलं तेही बघा. बर्लिनच्या राजवाड्यात वादकांना बसायला अख्खा सज्जा चांदीचा होता. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक यानं 1745 मध्ये तो लढाईच्या खर्चासाठी वितळवला आणि त्या जागी लाकडाचा, वरून चांदी चढवलेला सज्जा बसवला. घडवणाऱ्याचं काम जेमतेम काही वर्षं टिकलं.

मामा : सज्जा केला कुणी होता?

ताई : त्याच्या वडिलांनी. पहिला फ्रेडरिक विल्यम. सैन्य सोडून कशावर दमडी खर्च न करणारा माणूस म्हणून प्रसिद्ध.

मामा : आणि तरी चांदीचा सज्जा केला! मग तो खर्च नव्हताच की. तिजोरी होती ती, फक्त भिंतीला लावलेली. बापानं साठवलं, वेळ आली तेव्हा पोरानं मोडलं. यात रडायचं काय? आपल्याकडंही बाईचे तोडे लेकाच्या शिक्षणाला मोडतातच.

ताई : तोडे पुन्हा करता येतात.

मामा : सज्जाही आला असता. त्याला करायचा नव्हता, एवढंच.

इथं मामांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळात नाणं आणि ताट एकाच धातूचं. हातात थालर, म्हणजे चांदीची नाणी, जास्त झाले की त्यांची ताटं व्हायची, थालर कमी पडले की ताटांचे थालर. युरोपातल्या जवळजवळ प्रत्येक राजघराण्यानं हे केलं आणि घडवणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं. आपण घडवतोय ते नातवंडांनी पाहावं अशी आशा एखाद्या कारागिरानं धरलीही असेल, पण भरवसा कुणाला नव्हता.

म्युझियममध्ये एका पेल्यापाशी मामा बराच वेळ वाकून उभे होते. पेल्याच्या तळाशी नाजूक नागमोडी ओरखडा होता, किडा चालून गेल्यासारखा.

मामा : हा टंच काढलाय.

ताई : बरोबर. शहरानं नेमलेला पारखी टोकदार हत्यार थरथरवत फिरवायचा आणि चांदीचा बारीक कीस काढायचा. तो तापवून तपासायचा, उतरला तरच शहराचा छाप मिळायचा. ऑग्सबर्गचा छाप म्हणजे पाइनचं शंकूसारखं फळ. हे रोमन काळापासूनचं शहराचं चिन्ह. 1735 पासून त्या फळाखाली एक अक्षरही यायला लागलं, त्यावरून तपासणीचा काळ कळतो. शेजारी कारागिराची आद्याक्षरं.

मामा : कस काय धरायचे?

ताई : चोख चांदी म्हणजे 16 लोट. ऑग्सबर्गची साधारण 13 लोट.

मामा : म्हणजे सव्वाएक्याऐंशी टक्के. ठीक आहे. भांड्याला असलीच लागते. चोख चांदी मऊ. तांबं मिसळल्याशिवाय पेला उभा राहत नाही, नुसत्या बोटानं चेपतो. बरं, ती आद्याक्षरं कशाला?

ताई : कारागिराची ओळख म्हणून. त्याची सही म्हणा.

मामा : सही नव्हे, पोरी. जामीन आहे तो. माल हिणकस निघाला तर कुणाची मानगूट धरायची ते कळायला नको?

मला हे उत्तर फार आवडलं. म्युझियमच्या पाटीवर कारागिराचं नाव चित्रकाराच्या थाटात छापलेलं असतं, आणि आपण ते त्याच आदरानं वाचतो. मुळात तो ठसा कौतुकासाठी नव्हता. पण त्याच जबाबदारीच्या ठशामुळे आज शेकडो जर्मन सोनारांची नावं आपल्याला माहीत आहेत, हेही खरं. (सोनारच म्हणायचे त्यांना, जरी आयुष्यभर बहुतेकांनी चांदीच ठोकली.)

ताई हार मानणाऱ्यातली नाही.

ताई : तुम्ही सगळं भारावर आणता. मग हे सांगा, न्यूरेंबर्गला मास्टर व्हायचं तर काय करून दाखवावं लागायचं? तीन वस्तू. खडा बसवलेली सोन्याची अंगठी, कोरलेली मुद्रा, आणि अकेलाय फुलाच्या घाटाचा झाकणवाला पेला. त्या पेल्याचं अंग फुलाच्या पाकळ्यांसारखं फुगवट्यांनी भरलेलं, एक फुगवटा आत, एक बाहेर, आणि हे सगळं पत्रा ठोकून उठवायचं. परीक्षेत भार कुणी मोजत नव्हतं, हात बघत होते.

मामा : परीक्षा कुणाची? संघाची?

ताई : न्यूरेंबर्गात कारागिरांच्या संघांना परवानगीच नव्हती. नगरसभा स्वतः लक्ष ठेवायची, शपथ दिलेल्या मास्टरांकरवी. वेन्त्सेल याम्नित्सर तिथलाच. जन्म व्हिएन्नाचा, 1534 मध्ये न्यूरेंबर्गचा मास्टर झाला, पुढं एकामागून एक चार सम्राटांसाठी काम केलं. त्यानं 1549 मध्ये टेबलाच्या मधोमध ठेवायचा एक मनोरा केला, जवळजवळ एक मीटर उंच. खाली धरणीमातेची मूर्ती, तिच्या डोक्यावर वाडग्यासारखं भांडं, आणि सगळीकडे गवत, फुलं, सरडे, किडे. ते सरडे कोरलेले नाहीत. खरे मेलेले सरडे साच्यात बसवून, जाळून, त्यांच्या जागी चांदी ओतली आहे.

यावर मामा बोलायचे थांबले. मग त्यांनी प्रश्नांची सरबत्ती लावली. साचा कशाचा? राख कशी काढत? हवा जायला वाट कुठून ठेवत? ताईला सगळं येत नव्हतं, मग मामाच हवेत बोटं फिरवत सांगायला लागले.

मामा : सरड्याचं बोट केवढं असतं? दोऱ्याएवढं. तिथपर्यंत रस पोचायचा तर साचा आधी लालबुंद तापवायला पाहिजे. गार साच्यात चांदी वाटेतच थिजते, आणि मग तुझा सरडा लुळा निघतो. शिवाय आत राखेचा कण राहिला तर तिथं भोक. दहातले किती फुकट गेले असतील देव जाणे. हा माणूस मात्र हाताचा होता.

ताई : म्हणजे घडणावळ मान्य?

मामा : हात मान्य. हिशोब अजून बाकी आहे. त्या मनोऱ्याचं पुढं काय झालं?

ताई : न्यूरेंबर्गच्या नगरसभेनं विकत घेतला आणि अडीचशे वर्षं जपला. 1806 मध्ये शहर बव्हेरियाच्या ताब्यात गेलं, डोक्यावर कर्ज होतं, नगरसभेची चांदी मोडीत निघाली. पाउल वोल्फगांग मेर्केल नावाच्या व्यापाऱ्यानं हा मनोरा विकत घेतला म्हणून वाचला. आजही तो मेर्केलचा मनोरा म्हणूनच ओळखला जातो. 1880 मध्ये फ्रँकफुर्टच्या रॉथ्सचाइल्ड घराण्यानं तो प्रचंड रक्कम मोजून घेतला. आता अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. बघा मामा, भार 1549 मध्ये जेवढा होता तेवढाच. किंमत कशाची वाढली?

मामा : घडणावळीची नक्कीच नव्हे. बाकीचं सगळं वितळलं म्हणून हा उरलेला महाग. माझ्यासारख्यांनी मोडलं म्हणून तुझी म्युझियमं चालतात.

ताई निरुत्तर झाली असं नाही, पण तिनं चहा ओतायला घेतला. माझं मत विचाराल तर याम्नित्सरच्या बाबतीत मी ताईच्या बाजूचा आहे. याम्नित्सरनं काय केलं ते कागदावर वाचता येतं, पण चांदीचं ते गवत वितळलं असतं तर त्या बारकाईवर कुणाचा विश्वास बसला नसता. दुर्मिळ तर वाईट वस्तूही होतात, त्यांच्यासाठी कुणी रॉथ्सचाइल्ड खिसा मोकळा करत नाही.

धंद्याच्या गोष्टी निघाल्या की दोघांचं जमायचं. ऑग्सबर्गात मोठी मागणी आली की चांदीचा व्यापारी ती अंगावर घ्यायचा, धातू आणि भांडवल त्याचं, काम मात्र निरनिराळ्या कारखान्यांत वाटलेलं. एकाकडे ताटं, दुसऱ्याकडे शमादानं, तिसऱ्याकडे सुऱ्यांच्या मुठी. शेवटी सगळं एकाच घराण्याच्या टेबलावर मांडायचं, आणि घाट एकमेकांशी जुळलाच पाहिजे. "हुपरीत शेठ चांदी देतो, कारागीर मजुरी घेतो, तेच हे," मामा म्हणाले. प्रोटेस्टंट सोनार कॅथलिक चर्चसाठी पूजेचे पेले घडवत, हे ऐकून तर त्यांनी मांडीवर थाप मारली. "जात-धर्म बघत बसला तर भट्टी पेटायची नाही." सोन्याचा मुलामा पाऱ्यानं चढवत, हे मात्र ऐकून गप्प झाले. सोनं पाऱ्यात कालवून चांदीवर लावायचं आणि विस्तवावर पारा उडवायचा. तो धूर ज्याच्या छातीत जायचा त्याची आद्याक्षरं कुठल्याच पेल्यावर नसत.

डिंगलिंगरचा विषय तर आमच्याकडे वेगळ्याच दिशेनं गेला. योहान मेलखिओर डिंगलिंगर हा ड्रेस्डेनचा दरबारी सोनार. त्यानं भावांच्या मदतीनं 1701 ते 1708 या काळात सोनं, चांदी, मीना आणि हजारो हिऱ्यांचा एक दरबार केला. विषय : औरंगजेबाचा वाढदिवस. सिंहासनावर बादशहा, समोर नजराणे घेऊन आलेले सरदार, हत्ती, उंट.

मामा : 1701? अगं, 1701 मध्ये हा बादशहा आमच्या पन्हाळ्याला वेढा घालून बसला होता! वाढदिवस कसला करतोय? आणि 1707 ला नगरला मेला.

ताई : म्हणजे दरबार पुरा व्हायच्या आधी. डिंगलिंगर भारतात कधीच आला नव्हता, प्रवाशांच्या पुस्तकांवरून सगळं रचलं. किंमत 58,485 थालर. राजानं ती हप्त्यांनी दिली.

मामा : तेवढं बरीक जगभर सारखं. पदरचं घालून माल करायचा आणि मग राजाच्या मागं फिरायचं.

बादशहा सह्याद्रीत एकेक गड घ्यायला चिखल तुडवत होता त्याच वर्षांत सॅक्सनीत त्याचा थाट हिऱ्यांत घडत होता. हा दरबार आज ड्रेस्डेनच्या ग्रीन व्हॉल्टमध्ये आहे. मराठी माणसानं तो पाहावाच.

खरी अडचण झाली ती म्युनिकच्या बव्हेरियन नॅशनल म्युझियममध्ये. ताई आम्हाला तिथलं हिल्डेसहाइमच्या राजबिशपचं जेवणाचं सामान दाखवायला घेऊन गेली होती. ऑग्सबर्गच्या बर्नहार्ड हाइनरिश वायहेनं 1760 च्या आगेमागे हे घडवलं. त्या काळातलं इतकं मोठं सामान मोडीतून सुटून एकत्र राहिल्याची उदाहरणं फार थोडी. सूपदाणीच्या झाकणावरच्या लाटा पाहून मामाही खूश होते. ताई सहज म्हणाली की याच म्युझियमकडे वेगळीही चांदी होती, 1939 मधली.

मामा : वेगळी म्हणजे?

ताई : ज्यूंची. 21 फेब्रुवारी 1939 ला हुकूम निघाला की सगळ्या ज्यूंनी आपलं सोनं, चांदी, प्लॅटिनम आणि रत्नं दोन आठवड्यांत सरकारी गहाणघरात जमा करायची. स्वतःजवळ ठेवायला परवानगी कशाची, तर लग्नाची अंगठी, चांदीचं घड्याळ, आणि माणशी दोन संच वापरातले. एका संचात चार नग : सुरी, काटा, चमचा, छोटा चमचा.

मामा : माणशी मोजून?

ताई : माणशी मोजून.

मामा : पैसे दिले?

ताई : दिले. भारावर. बाजारभावाच्या कितीतरी खाली.

मामांनी चष्मा काढला. मोडीच्या धंद्यात आयुष्य गेलेला माणूस, भारावर घेणं हे त्यांच्या दृष्टीनं सगळ्यात स्वच्छ माप. त्यात कुणाची खुशामत नाही, कुणाचा गैरसमज नाही.

मामा : मग ती मोड नव्हे. मोड घालायला माणूस आपल्या पायानं येतो. भाव पटला नाही तर भांडं परत पिशवीत घालून जातो. त्याला जाता येतं म्हणून तो व्यापार. हे काट्यावर घातलेलं दरोड्याचं सामान आहे. आणि पुढं? वितळवलं?

ताई : बहुतेक. जे चांगलं दिसलं ते काही म्युझियमांनी गहाणघराकडून घेतलं. या म्युझियमनंही. त्यातल्या 111 वस्तू आपल्या काळापर्यंत इथं राहिल्या.

मामा : घेतलं! म्हणजे तुझ्यासारखे शिकलेले लोक. त्यांना घडणावळ दिसली. पेल्याचा घाट दिसला, छाप दिसला, सालही सांगितलं असेल. ज्याच्या घरातून तो आला तो माणूस तेवढा दिसला नाही.

ताई : त्यांनी वितळण्यापासून वाचवलं असं पुढं कुणी म्हणू शकेल, मामा. मीही कधीकाळी म्हटलं असतं.

मामा : मेर्केलनं वाचवलं ते म्हण. त्यानं नगरसभेकडून घेतलं, आणि नगरसभा मालक होती. इथं मालकाला विचारलं कुणी?

ताई बराच वेळ बोलली नाही. मग तिनं पुढचं सांगितलं. त्यातल्या वस्तूंच्या तळाला पिवळी पडलेली कागदाची चिठ्ठी अजून चिकटलेली असते, तिच्यावर गहाणघराचा क्रमांक. म्युझियममधले क्युरेटर मथियास वेनिगर त्या क्रमांकांवरून जुनी कागदपत्रं काढतात, मूळ कुटुंबाचं नाव शोधतात, मग त्यांचे वंशज. कुणी इस्राएलमध्ये सापडतं, कुणी अमेरिकेत, आणि वस्तू परत जातात. याम्नित्सरच्या तोडीचं त्यात काही नाही. शब्बाथच्या प्रार्थनेचे छोटे पेले, शमादानं, चमचे. सराफानं एका नजरेत बाजूला काढावेत असे नग. पण कित्येक कुटुंबांकडे पणजोबांच्या घरातली हीच एक वस्तू उरली आहे.

मामा : अशा पेल्याचा भाव काय करायचा?

ताई : म्युझियम काही मागत नाही. नुसतं परत देतं.

मामा : ते बरं. भाव करायला बसलो असतो तर मलाही जमलं नसतं.

या मुद्द्यावर मी पूर्ण मामांच्या बाजूचा. भार मोठा की घडणावळ, हा वाद चवीनं करावा, पण दोन्हींच्या आधी मालकाची राजीखुशी येते. 1939 मध्ये भारावर घेणाऱ्यांनीही ती मोडली आणि घडणावळीवर घेणाऱ्यांनीही.

जर्मनीत राहणाऱ्या आणि रविवारच्या जुन्या बाजारात चांदीचे चमचे धुंडाळणाऱ्या मराठी मंडळींसाठी दोघांनी मिळून काही सांगितलं आहे, ते देतो. मागे अर्धचंद्र, मुकुट आणि 800 असा आकडा असेल तर ती 1888 पासून लागू झालेल्या कायद्यानुसारची जर्मन चांदी, हजारात 800 भाग. नुसता 90 दिसला तर मामांच्या भाषेत तो मुलामा. बारा चमचे आणि बारा काटे यांच्यावर मिळून 90 ग्रॅम चांदी चढवल्याचा तो आकडा आहे, कसाचा नाही. फार जुना वाटणारा, गलबताच्या आकाराचा किंवा शंखाचा पेला आणि त्यावर ओळखू न येणारे छाप दिसले तर घाई करू नका. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हानाउ शहरात जुन्या घाटाची चांदी भरपूर घडली, आणि जुन्यांशी मिळतेजुळते छापही तिच्यावर मारले गेले. काम अनेकदा उत्तम असतं, फक्त ते याम्नित्सरच्या काळचं नसतं.

आणि 1939 च्या आधी घडलेली कुठलीही वस्तू घेताना, भाव विचारायच्या आधी विक्रेत्याला विचारा की 1933 ते 1945 या काळात ती कुणाकडे होती. तळाला क्रमांकाची जुनी चिठ्ठी असेल तर ती खरवडू नका, तिचा फोटो काढून ठेवा. नाझी काळात हिरावलेल्या कलावस्तूंची लॉस्ट आर्ट नावाची नोंदसूची माग्देबुर्गची एक सरकारी संस्था चालवते. ती इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे आणि शोधायला पैसे पडत नाहीत.